यांचा पोप कोण? जुन्या देवांचे नवे पुरोहित

डिसेंबर २०२४ मध्ये लिथुआनियाच्या संसदेनं रोमुवा नावाच्या धर्मसंस्थेला सरकारी मान्यता दिली. अग्नी, सूर्य, ओकची झाडं आणि पूर्वज यांना मानणारी ही मंडळी. त्यांच्या प्रमुख एक बाई आहेत, इनिया त्रिंकुनिएने, आणि त्यांच्या पदाचं नाव आहे ‘क्रिवे’. ही बातमी मी घरात वाचून दाखवली तेव्हा पहिला प्रश्न आला, “म्हणजे त्या यांच्या पोप का?”

गंमत अशी की हाच प्रश्न सातशे वर्षांपूर्वीही कुणाला तरी पडला होता. पीटर फॉन दुसबुर्ग हा त्या भागातल्या बिगरख्रिस्ती जमातींशी लढणाऱ्या जर्मन धर्मयोद्ध्यांचा बखरकार. १३२६ च्या आपल्या बखरीत त्यानं लिहून ठेवलं, की या लोकांचा ‘क्रिवे’ नावाचा एक मोठा पुजारी आहे आणि ख्रिस्ती लोक पोपला मानतात तसं हे त्याला मानतात. आजचे बरेच इतिहासकार या वर्णनावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. त्यांना वाटतं, की दुसबुर्गनं समोरचा अनोळखी समाज आपल्या वाचकांना कळेल अशा साच्यात बसवला. आपणही तेच करतो. नवा धर्म दिसला की त्याचा पोप शोधतो, नाहीतर शंकराचार्य.

युरोपात गेल्या शतकभरात पुन्हा उभ्या राहिलेल्या या धर्मांमध्ये पुरोहित आहेत, पदं आहेत, वरच्या-खालच्या पायऱ्याही आहेत. पण ती पदं कुठून येतात आणि त्यांच्या हातात काय असतं, हे समजायला पोपचा साचा बाजूला ठेवावा लागतो. त्यासाठी मी मुख्यतः आइसलँडचं उदाहरण घेणार आहे, कारण तिथे पन्नासहून जास्त वर्षांचा अनुभव आहे आणि सगळं कायद्याच्या चौकटीत, उघड्यावर घडलं आहे.

आधी ‘पेगन’ हा शब्द

लॅटिनमध्ये ‘पागानुस’ म्हणजे खेड्यातला माणूस. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म वाढला तेव्हा हा शब्द जुन्या देवांना धरून बसलेल्या लोकांना चिकटला. आपल्याकडचा ‘गावंढळ’ हा शब्द आठवा, बोलण्यातला सूर तोच. पुढे ख्रिस्ती नसलेल्या कुणालाही पेगन म्हणू लागले. विसाव्या शतकात काही लोकांनी हीच हेटाळणी उचलून स्वतःचं नाव म्हणून मिरवायला सुरुवात केली.

पेगन म्हणजे एक धर्म नव्हे. सगळ्यांचा मिळून एक ग्रंथ नाही, एक संस्थापक नाही. आइसलँडचे लोक ओदिन, थोर, फ्रेया यांना मानतात. लिथुआनियाचे लोक पेर्कुनास या गडगडाटाच्या देवाला मानतात. इंग्लंडातल्या विक्का नावाच्या पंथामध्ये एक देवी आणि तिच्या जोडीला एक शिंगधारी देव असतो. या सगळ्यांत एक गोष्ट मात्र सारखी आहे. मधल्या काळात परंपरेचा धागा तुटला होता. कॅथलिक बिशप सांगू शकतो, की माझ्या डोक्यावर अमक्यानं हात ठेवला, त्याच्या डोक्यावर तमक्यानं, आणि ही साखळी थेट येशूच्या शिष्यांपर्यंत जाते. या लोकांकडे तशी साखळीच नाही. मग पुरोहितपण द्यायचं कुणी? पुढचं सगळं या एका प्रश्नाभोवती फिरतं.

गोधी: पुजारी की पाटील?

आइसलँडमधल्या पुरोहिताला म्हणतात ‘गोधी’. स्त्री असेल तर जुना शब्द ‘गिध्या’. शब्दाच्या मुळाशी ‘देव’ आहे, त्यामुळे देवाचा माणूस असा अर्थ लागतो. पण हजार वर्षांपूर्वीचा गोधी नुसता पुजारी नव्हता. इसवी सन ९३० च्या सुमारास थिंगवेत्लिर या खोऱ्यात देशभरातल्या लोकांची सभा भरू लागली. तिचं नाव आल्थिंग. आइसलँडची आजची संसदही हेच नाव लावते. या सभेत बसायचे ते गोधी. आधी छत्तीस, पुढे एकोणचाळीस. देशाला राजा नव्हता. तंटे सोडवायचे, न्यायाधीश नेमायचे, आपल्या लोकांची बाजू घ्यायची आणि सणाला यज्ञ घालायचा, ही सगळी कामं त्यांच्याकडे.

मराठी माणसाला हे पद कळायला सोपं जावं, कारण आपल्याकडे पाटीलकी होती. पाटीलकीचं वतन वारशानं मिळायचं, त्याच्या वाटण्या व्हायच्या, अर्धी पाटीलकी विकल्याचे कागद सापडतात. गोधीच्या अधिकाराचंही तसंच होतं. तो वारशानं जाई, विकता येई, भेट देता येई, दोघांत वाटूनही घेता येई. जुन्या कायद्यात याबद्दल एक सुंदर वाक्य आहे. चर्चचा दशमांश कर लागू झाला तेव्हा गोधीपणावर कर बसेल का, असा प्रश्न आला. उत्तर दिलं गेलं, की नाही, कारण ती सत्ता आहे, संपत्ती नव्हे.

एका बाबतीत मात्र पाटीलकीशी जुळत नाही. पाटील गावाचा असतो, गाव बदलल्याशिवाय पाटील बदलत नाही. आइसलँडमधला शेतकरी आपल्या जागेवर राहून गोधी बदलू शकायचा, कायद्यानं वर्षातून एकदा तशी मुभा होती. म्हणजे माणसं टिकवायची तर गोधीला नीट वागावं लागे. लोकांनी निवडायचं आणि लोकांनीच सोडायचं, हे बीज तेव्हाच पडलेलं होतं.

आल्थिंगमध्ये आणखी दोन पदं होती. एक ‘आल्सहेर्यारगोधी’, म्हणजे समस्त जनांचा गोधी. आइसलँडचा पहिला वसाहतकार मानल्या जाणाऱ्या इंगोल्फुर आर्नार्सनच्या वंशजांकडे हा मान असे. नाव भारदस्त, पण हाती काम एकच: सभा सुरू होताना जागा पवित्र करणं. बाकीच्या गोधींवर त्याचा हुकूम चालत नसे. दुसरं पद ‘कायदा सांगणारा’. लिहिलेला कायदा नव्हता तेव्हा हा माणूस दरवर्षी एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणून दाखवायचा, म्हणजे तीन वर्षांत सगळा.

९९९ किंवा १००० साली देश ख्रिस्ती होणार की नाही यावर सभा फुटायची वेळ आली, तेव्हा निर्णय याच कायदा सांगणाऱ्यावर सोपवला गेला. त्याचं नाव थोर्गेइर, आणि तो स्वतः जुन्या देवांचा गोधी होता. एक दिवस आणि एक रात्र तो पांघरूण ओढून पडून राहिला. मग उठून म्हणाला, की कायदा एक असू दे, धर्म एक असू दे, आपण ख्रिस्ती होऊ. घरात गुपचूप जुनी पूजा करायची सवलत सुरुवातीला राहिली, काही वर्षांत तीही गेली. गोधी मात्र सरदार म्हणून टिकले. १२६२ च्या सुमारास देश नॉर्वेच्या राजाखाली गेला आणि हे पदही संपलं.

शेतकरी, कवी आणि मंत्र्यांचं कार्यालय

२० एप्रिल १९७२. आइसलँडच्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे उन्हाळ्याचा पहिला दिवस. त्या दिवशी मूठभर लोकांनी ‘आसात्रु’ संस्था स्थापन केली. ‘आस’ म्हणजे तिथल्या देवांचं कुळ, ‘त्रु’ म्हणजे श्रद्धा. यातल्या बऱ्याच लोकांना मात्र श्रद्धेपेक्षा ‘सिधुर’ हा शब्द जवळचा वाटतो. त्याचा अर्थ रीत, आचार. आपण ‘कुळाचार’ म्हणतो तेव्हा काय मानता यापेक्षा काय करता याला वजन असतं, तसंच हे.

त्यांचे पहिले प्रमुख झाले स्वेनब्योर्न बेन्तेन्सन. जन्म १९२४, धंदा शेती आणि मेंढ्या, ओढ कवितेची. ‘रिमुर’ नावाची लांबलचक कथाकाव्यं ठरावीक चालीत म्हणण्याची आइसलँडमध्ये जुनी परंपरा आहे, तिचे ते जाणकार. आपल्या एखाद्या शाहिराला हजार ओव्या मुखोद्गत असाव्यात तसे. पांढरी लांब दाढी, साधा कोट. कुणी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून दीक्षा दिली नव्हती, द्यायला कुणी उरलंच नव्हतं. जुन्या कविता त्यांना येत होत्या आणि लोकांना ते आपले वाटत होते, एवढ्यावर ते आल्सहेर्यारगोधी झाले. (यापुढे मी ‘मुख्य गोधी’ म्हणेन.)

डिसेंबर १९७२ मध्ये सरकारी नोंदणीसाठी ते मंत्र्यांना भेटायला गेले. न्याय आणि चर्च खातं तेव्हा ओलाफुर योहानेसन यांच्याकडे होतं. मंत्र्यांना आधी ही थट्टा वाटली. भेट आटोपली आणि काही वेळातच राजधानी रेक्याविकवर विजा कडाडल्या, शहराच्या मध्यभागातली वीज गेली. थोर हा गडगडाटाचा देव. ही गोष्ट आइसलँडमध्ये आजही आवडीनं सांगतात. १९७३ मध्ये नोंदणी झाली. चर्चकडून विरोध होता, तरी राज्यघटनेतलं धर्मस्वातंत्र्य आडवं आलं. त्याच उन्हाळ्यात स्वेनब्योर्न यांच्या शेतावर, द्रागहाउल्सला, उघड्यावर पहिला मोठा विधी झाला. दिवसभर पाऊस होता.

विधीत गोधी नेमकं काय करतो

विधीला ‘ब्लोत’ म्हणतात. पूर्वी ब्लोत म्हणजे पशूचा बळी. आजची संस्था बळी देत नाही.

लोक गोल करून उभे राहतात, शक्यतो मोकळ्या जागेत, मधे आग. गोधी ती जागा पवित्र झाल्याचं जाहीर करतो आणि मग शांतता पुकारतो. म्हणजे, इथे जमलेल्यांत आपापसात काही वैर असेल तर विधी संपेपर्यंत ते बाजूला. हा तहाचा उच्चार हजार वर्षांपूर्वीच्या सभांमधला आहे. मग एड्डा या देवकथांच्या जुन्या काव्यातल्या ओळी म्हटल्या जातात: दिवसाचं भलं असो, दिवसाच्या लेकरांचं भलं असो, रात्रीचं आणि तिच्या लेकीचं भलं असो. त्यानंतर शिंगाचं पात्र फिरतं. त्यात मध आंबवून केलेलं पेय असतं, न पिणाऱ्यांसाठी साधं पेयही चालतं. ज्याच्या हातात शिंग येतं तो बोलतो. देवाला, आपल्या गेलेल्या आजोबांना, नाहीतर त्या जागेच्या रक्षकांना उद्देशून. थोडं पितो, थोडं जमिनीवर ओततो, शिंग पुढे देतो. शेवटी जेवण.

ज्यानं कोकणात गाऱ्हाणं ऐकलंय त्याला हे परकं वाटणार नाही. देवळासमोर गावकर किंवा घाडी उभा राहतो, “बा देवा म्हाराजा” म्हणून सुरुवात करतो, वाडीचं, गुराढोरांचं, मुंबईला गेलेल्या पोरांचं मागणं घालतो, आणि दर वाक्याला सगळे “व्हय म्हाराजा!” म्हणतात. तो सगळ्यांच्या वतीनं बोलतो, पण मागणं सगळ्यांचं. जागेच्या रक्षकांचंही तसंच. गोव्यात आणि तळकोकणात राखणदाराला रोट-नारळ देतात. आइसलँडमध्ये अशा चार राखणदारांना तर राष्ट्रचिन्हात स्थान आहे: ड्रॅगन, पक्षी, बैल आणि डोंगरातला राक्षस. तिथली नाणी हातात घेतली तर त्यांवरही तेच दिसतात.

थोडक्यात, गोधीचं काम आहे जागा उघडणं, क्रम सांभाळणं आणि जागा बंद करणं. देव आणि भक्त यांच्यामधे तो दार अडवून उभा नसतो. शिंग हातात आलेली पंधरा वर्षांची मुलगी थोरशी थेट बोलते, मधे गोधी येत नाही.

मग पायऱ्या आहेत की नाहीत?

आहेत. पण त्या शिडीसारख्या नाहीत.

संस्थेत मुख्य गोधी एक आणि वेगवेगळ्या भागांचे गोधी अनेक. भागावरून नाव पडतं, उदाहरणार्थ क्यालार्नेसच्या लोकांचा गोधी. मुख्य गोधी धार्मिक बाजू पाहतो. पैसा, इमारत, नोंदणी, सभा हा कारभार एका वेगळ्या मंडळाकडे असतो आणि त्याच्या प्रमुखाला तेच जुनं नाव दिलं आहे, ‘कायदा सांगणारा’. त्यांच्यावर वर्षातून एकदा भरणारी सगळ्या सभासदांची सभा. आपल्याकडे मंदिराचा पुजारी वेगळा आणि विश्वस्त मंडळ वेगळं असतं, तशीच ही विभागणी. चांगल्या देवस्थानात पुजारी हिशेबाच्या वहीत हात घालत नाही आणि विश्वस्त आरतीत लुडबुड करत नाहीत.

या पदांचं स्वरूप मला कळलं ते वारीमुळे. सप्ताहात विणेकरी उभा असतो. वीणा खाली टेकत नाही, चोवीस तास कुणा ना कुणाच्या गळ्यात असते. ज्याच्या गळ्यात वीणा आहे त्याच्या लोक पाया पडतात, मग तो वयानं लहान असो की मोठा. त्यानं वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली, की आता त्या दुसऱ्याच्या पाया पडतात आणि पहिला जाऊन चहा पितो. मान वीणेचा. चोपदारानं दंड वर केला की हजारोंचा रिंगणातला गजर थांबतो, पण संध्याकाळी मुक्कामावर तो पंगतीत सगळ्यांसारखाच बसतो. गोधीचा मान हा या जातीचा आहे.

आणि हा मान काढूनही घेता येतो. १९९३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी स्वेनब्योर्न गेले. पुढच्या वर्षी योर्मुंदुर इंगी हान्सेन मुख्य गोधी झाले. २००२ मध्ये संस्थेत मतभेद विकोपाला गेले आणि त्यांना पायउतार व्हावं लागलं. मधल्या काळात योनिना क्रिस्तिन बेर्ग यांनी ते पद सांभाळलं, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. २००३ मध्ये निवडून आले हिल्मार ओर्न हिल्मार्सन. हे चित्रपटांना संगीत देणारे, १९९१ मध्ये त्यांना युरोपियन फिल्म अवॉर्डही मिळालेलं आहे. शेतकरी-कवीनंतर संगीतकार. दोघांनाही जुन्या कविता कशा म्हणाव्यात हे माहीत होतं, हा मला योगायोग वाटत नाही. ज्या धर्मात एकच एक पवित्र ग्रंथ नाही पण कविता आहेत, तिथे गळा आणि स्मरण हीच पात्रता ठरते.

आणि जिथे सगळेच पुरोहित असतात

इंग्लंडातल्या विक्काची गोष्ट अगदी उलटी आहे. जेराल्ड गार्डनर यांनी १९५० च्या दशकात ती लोकांसमोर आणली. चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, त्यानंतरच हे उघड बोलता आलं. विक्कामध्ये छोटे गट असतात, परंपरेनं तेरापर्यंत माणसांचे. गटात दीक्षा घेतली की तुम्ही पुरोहित किंवा पुरोहिता झालात. साधा भक्त असा वर्गच नाही. पायऱ्या तीन: पहिल्या दीक्षेत प्रवेश, दुसरीत इतरांना दीक्षा देण्याची पात्रता, तिसरीत स्वतःचा वेगळा गट काढण्याचं पूर्ण स्वातंत्र्य. गटाची धुरा मुख्य पुरोहितेकडे, तिच्या जोडीला मुख्य पुरोहित. इथे साखळी पुन्हा आली, गुरूकडून शिष्याकडे, पण ती जेमतेम शतकभराची आहे. आणि एका गटाच्या मुख्य पुरोहितेचा शब्द शेजारच्या गटात चालत नाही. गायकी घराण्यासारखं आहे हे. गंडा बांधला, तालीम घेतली, पुढे आपली बैठक आपण मांडायची.

प्राचीन केल्टिक पुरोहितांचं नाव घेणाऱ्या ड्रुइड मंडळींची आणखी तिसरी तऱ्हा. १९६४ मध्ये रॉस निकोल्स यांनी काढलेल्या संस्थेत बार्ड, ओव्हेट, ड्रुइड अशा तीन पायऱ्या आहेत. या शिक्षणाच्या पायऱ्या आहेत, आधी कविता आणि गोष्टी, मग निसर्ग आणि आरोग्य, मग तत्त्वज्ञान. ड्रुइड झालात म्हणून बार्डवर हुकूम चालत नाही, जसा बीए झालेल्याचा बारावीवाल्यावर चालत नाही.

लिथुआनियाच्या रोमुवात क्रिवे हे पद ज्येष्ठांच्या वर्तुळातून येतं. आधीचे प्रमुख योनास त्रिंकुनास लोकसंस्कृतीचे अभ्यासक होते. सोव्हिएत काळात त्यांनी १९६७ मध्ये केर्नावे इथे उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा सण जाहीरपणे साजरा करायला सुरुवात केली, आणि पुढे विद्यापीठातली नोकरी गमावली. २०१४ मध्ये ते गेल्यावर पत्नी इनिया यांची निवड झाली. या मंडळींचा आपल्याशी एक धागा आहे: २००३ मध्ये मुंबईत जगभरातल्या प्राचीन परंपरांच्या ज्येष्ठांचं संमेलन भरलं, त्यात रोमुवाही होती.

“पण हे सगळं हल्लीच बनवलेलं आहे ना?”

हा आक्षेप रास्त आहे. मधली सातशेहून जास्त वर्षं गोधी नव्हते. आजचा ब्लोत हजार वर्षांपूर्वीच्या ब्लोतसारखा हुबेहूब असेल, असं कुणीच प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. जुन्या विधींची माहिती मुख्यतः नंतरच्या ख्रिस्ती लेखकांनी लिहिलेल्या कथांमधून येते. विक्काच्या बाबतीत तर गार्डनर यांचा प्राचीनतेचा दावा अभ्यासकांनी बहुतांशी नाकारला आहे.

तरीही ‘बनवलेलं’ म्हणून हे निकालात काढावं असं मला वाटत नाही. सार्वजनिक गणेशोत्सव सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे. मंडळाचा अध्यक्ष, खजिनदार, मिरवणुकीचा क्रम, हे कुठल्या पुराणात सापडणार? म्हणून त्यातली भक्ती खोटी ठरत नाही. प्रश्न विचारायचा तर असा विचारावा: ही मंडळी नव्याला जुनं म्हणून खपवतात का? आइसलँडची संस्था तसं करत नाही. हिल्मार यांनी २०१५ मध्ये वृत्तसंस्थेला सांगितलं होतं, की एका डोळ्याचा माणूस (म्हणजे ओदिन) आठ पायांच्या घोड्यावरून फिरतोय असं शब्दशः कुणी मानत असेल असं मला वाटत नाही, या कथा निसर्गाच्या आणि माणसाच्या मनाच्या शक्तींची काव्यरूपं आहेत. मुख्य पुरोहितानं हे उघड बोलावं आणि त्याचं पद शाबूत राहावं, यावरून कळतं की पद सिद्धांतावर उभं नाही.

“हा वंशवाद्यांचा धर्म तर नाही?”

ही शंका येणारच. नाझींनी उत्तर युरोपची जुनी चिन्हं वापरली, आणि आजही युरोप-अमेरिकेत काही गोरे वंशवादी गट थोरचा हातोडा गळ्यात घालतात. त्यांच्यातले काही म्हणतात, की रक्त उत्तरेचं असेल तरच हा धर्म.

आइसलँडच्या संस्थेनं हे साफ नाकारलं आहे. समलिंगी जोडप्यांची लग्नं तिचे गोधी लावतात. हे जगभर कळलं तेव्हा २०१५ मध्ये परदेशातून तिला द्वेषाची पत्रं आली, तुम्ही धर्म भ्रष्ट करताय अशी. पुरोहितपद इथे किती खोलवर काम करतं हे मला अशा वेळी दिसतं. जन्मावर पद ठेवलं तर रक्ताचा प्रश्न दारातून आत येतोच. हे महाराष्ट्राला कुणी वेगळं सांगायला नको. पंढरपुरात बडवे-उत्पातांचा वंशपरंपरेचा हक्क न्यायालयात किती दशकं लढला गेला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो संपला. त्यानंतर मंदिर समितीनं पुजाऱ्यांच्या जागांसाठी सगळ्या जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. आइसलँडमध्ये जुना गोधीपणा वारशाचा होता, १९७२ नंतर नवा उभा करताना वारसा मुद्दाम गाळला.

सरकारला पुरोहित कशाला हवा?

शेवटी एक फार व्यावहारिक कारण, आणि माझ्या मते पदांची ही सगळी रचना समजण्याची किल्ली तिथेच आहे. पूजा करायला कुणाची परवानगी लागत नाही. पण लग्नाच्या नोंदीवर सही कुणाची? नोंदणीकृत धर्मसंस्थेच्या अधिकृत पुरोहिताची. म्हणून सरकार विचारतं, तुमच्यात पुरोहित कोण, त्याला कुणी नेमलं, तो जबाबदार कुणाला? ज्या समाजाला पदांची फारशी गरज वाटत नव्हती, त्यालाही ती मांडून दाखवावी लागतात. आइसलँडमध्ये गोधीनं लावलेलं लग्न कायदेशीर असतं. शिवाय सोळा वर्षांवरच्या दर सभासदामागे सरकार ठरावीक रक्कम संस्थेला देतं, जशी चर्चला देतं. साधारण पावणेचार-चार लाखांच्या देशात संस्थेचे सभासद पाच हजारांहून जास्त आहेत, म्हणजे शंभरात एकाहून अधिक.

लिथुआनियात भांडण होतं ते याचसाठी. २०१९ मध्ये तिथल्या संसदेनं रोमुवाला मान्यता नाकारली, कॅथलिक बिशपांनी विरोधाचं पत्र धाडलं होतं. जून २०२१ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं हा भेदभाव ठरवला. त्यानंतरही संसदेनं एकदा नकार दिला आणि मग २०२४ च्या डिसेंबरात होकार. तोवर रोमुवाच्या पुरोहितानं लावलेलं लग्न सरकारदरबारी लग्न नव्हतं. जोडप्याला पुन्हा नोंदणी कार्यालयात जावं लागे.

रेक्याविकमध्ये शहरानं दिलेल्या जागेवर, ओस्क्यूह्लिध टेकडीच्या उतारात, संस्थेचं मंदिर बांधायला घेतलं आहे. कामाचा शुभारंभ २० मार्च २०१५ ला सूर्यग्रहणाच्या वेळी झाला, पुढे पैशाच्या अडचणींनी ते रखडत राहिलं. पण मंदिराच्या कितीतरी आधी, १९९९ मध्ये, संस्थेला गुफुनेस दफनभूमीत स्वतःचा तुकडा मिळाला होता. देवळाशिवाय ब्लोत होतो, मोकळ्या आभाळाखाली आगीभोवती होतो. माणूस गेल्यावर मात्र त्याला ठेवायला जागा लागते, आणि तिथे उभं राहून त्याचं नाव नीट घेणारा कुणीतरी लागतो.